घोट्यातलं मेलेलं हाड: पन्नास वर्षांचा मागोवा

मोहोळच्या अंगाला पुणे-सोलापूर महामार्ग आहे आणि तालुक्यात उसाचा हंगाम असतो. घोटा मोडायला कारणं शोधावी लागत नाहीत. मोटारसायकल घसरते, कुणी ट्रॉलीवरून उडी मारतो, कुणी विहिरीच्या कामावर पडतो. बहुतेक घोटे प्लास्टरनं किंवा प्लेट-स्क्रूनं जुळतात. दगा देतं ते टॅलस. नडगी आणि टाचेच्या मध्ये बसलेल्या या हाडावरून शरीराचा सगळा भार पायात उतरतो, पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. निम्म्याहून अधिक पृष्ठभाग कूर्चेनं झाकलेला असल्यानं रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाटाही मोजक्याच. हाड मानेशी मोडून सरकलं, की याच वाटा तुटतात आणि रक्ताविना हाड मरू शकतं. सूज उतरते, माणूस कामाला लागतो आणि काही महिन्यांनी लंगडत परत येतो.

पूर्वी अशा वेळी सर्जनच्या हातात फारसं काही नव्हतं. मेलेलं टॅलस काढून टाकलं की पाय आखूड होई आणि दुखणं राहीच. १९४३ मध्ये ब्लेअर यांनी मेलेला भाग काढून नडगीच्या हाडाची पट्टी टॅलसच्या डोक्याला जोडायची पद्धत सांगितली. दुसरा सल्ला होता वाट पाहण्याचा: पायावर भार न देता महिनोन्‌महिने, कधी त्याहूनही अधिक काळ. रोजंदारीवरच्या माणसाला तो कुणी दिला असेल, तर त्याच्या घरी चूल कशी पेटायची हे विचारून दिला नसावा.

१९७० साली लेलँड हॉकिन्स यांनी टॅलसच्या मानेच्या फ्रॅक्चरची वर्गवारी मांडली. हाड जागेवरच असेल तर त्यांच्या पेशंटांत एकाचंही हाड मेलं नव्हतं. एक सांधा निखळला असेल तर ४२ टक्के, दोन निखळले असतील तर ९१ टक्के. त्यांनीच सांगितलेली एक खूण मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. सहा ते आठ आठवड्यांनी काढलेल्या साध्या एक्स-रेत टॅलसच्या घुमटाखाली काळसर रेघ दिसली, तर रक्त पोचतंय असं समजावं. त्याला एमआरआय लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या यंत्रावरही ती दिसते, पाहणाऱ्याला ठाऊक असली म्हणजे झालं.

नंतर बराच काळ असा समज होता की काही तासांत स्क्रू बसले नाहीत तर हाड गेलंच. २००४ मध्ये व्हॅलियर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हाड मरणं हे ऑपरेशनच्या घड्याळापेक्षा हाड किती चुरलं नि जखम उघडी होती का यावर ठरतं. निखळलेला सांधा मात्र लगेच बसवायलाच हवा. मोहोळहून सोलापूर गाठणाऱ्यांच्या दृष्टीनं ही मोठीच सुटका होती.

हाड मेलंय पण ढासळलेलं नाही, अशा वेळी त्यात बारीक छिद्रं पाडून आतला दाब कमी करतात. स्टेरॉइडमुळे हाड मेलेल्यांत याचा विशेष उपयोग होतो. कोविडनंतर स्टेरॉइडचा हा धोका सर्वांच्या कानावर आला. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तीन पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली, मात्र ती खुब्याच्या हाडाची होती. दुसरा मार्ग शेजारच्या क्युबॉइड हाडाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट आणून बसवण्याचा; त्याला कसलेला हात लागतो.

हाड ढासळलं की आजही बहुतेकदा सांधा जखडावा लागतो. टाचेतून वर रॉड घालतात, हाडाचं कलम भरतात. बिडी-सिगरेट चालू असेल तर जोड धरायला अडतं. वेदना जाते आणि सपाट रस्त्यावर चालता येतं. पण टाच टेकवून उकिडवं बसणं संपतं, ढेकळांच्या रानात पाऊल वाकडं पडलं की सावरता येत नाही. इंग्रजी शोधनिबंधांतल्या गुणपत्रिका वेदना आणि चालण्याचं अंतर विचारतात. खुरपायला बसता येतं का, हे विचारत नाहीत. म्हणून ‘उत्तम निकाल’ वाचताना मी जरा थांबतो.

हालचाल राखणारा पर्याय पूर्वेकडून आला. थायलंडमध्ये १९७० च्या दशकात धातूचं टॅलस बसवायला सुरुवात झाली. जपानच्या नारा इथल्या सर्जननी सिरॅमिकचं अख्खं टॅलस बसवलेल्या ५५ घोट्यांचे निकाल २०१५ मध्ये दिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेनं त्रिमितीय छपाईनं घडवलेल्या टॅलसला मर्यादित मान्यता दिली. माप दुसऱ्या, धडधाकट पायाच्या सीटी स्कॅनवरून घेतात. अडचण एकच: ते पुढे निकामी झालं तर मोठी पोकळी उरते आणि मग सांधा जखडणंही अवघड होतं.

आपल्याकडची खरी उलथापालथ मात्र हाडात नाही, खर्चात झाली. जुलै २०१२ मध्ये उपचाराचा खर्च उचलणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. योजना आल्यापासून एक्स-रे दाखवून झाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टरसाहेब, हे योजनेत बसतंय का?’ उकिडवं बसता येईल का, हा प्रश्न त्यानंतर येतो, तोही बहुधा पेशंटची बायको विचारते.