हैदराबाद मुक्तिसंग्रामातील मराठी गीत व साहित्य

निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३८–४८ या काळात मराठी भाषिकांनी गीते, कविता व नियतकालिके यांच्या द्वारा केलेला सांस्कृतिक प्रतिकार. आजचा लातूर जिल्हा (स्थापना १९८२) तेव्हा उस्मानाबाद व बीदर जिल्ह्यांत विभागलेला होता. नांदेड हा स्वतंत्र जिल्हा होता. उस्मानिया विद्यापीठाचे (स्थापना १९१८) माध्यम उर्दू होते आणि ‘गश्ती क्र. ५३’ या आदेशान्वये पूर्वपरवानगीवाचून सभा भरविण्यास मनाई होती. परतूर (१९३७), लातूर (१९३८) व उमरी (१९४१) येथील महाराष्ट्र परिषदेच्या अधिवेशनांनी या गाऱ्हाण्यांना वाचा फोडली.

सभाबंदी असली, तरी गाणे थोपविणे अवघड होते. १९३८ मध्ये वसतिगृहांतील प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी होताच विद्यार्थ्यांनी ती मोडली. त्यांपैकी अनेकांना विद्यापीठ सोडावे लागले. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक होत. त्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी मराठवाडा हे साप्ताहिक काढले. संस्थानात बंदी आली, की ते बाहेरून नव्या नावाने निघे.

नांदेडचे कवी वा. रा. कांत (१९१३–९१) यांचा रुद्रवीणा हा संग्रह १९४७ मध्ये, रझाकारांच्या दहशतीच्या दिवसांत, प्रसिद्ध झाला. कवी स्वतः तेव्हा निजामाच्या नभोवाणीत नोकरीस होते, ही बाब लक्षणीय आहे. प्रभातफेऱ्यांतील पदे मात्र बहुतांशी मुखोद्गतच राहिली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने संस्थान भारतात आले. पुढे नांदेडचे नरहर कुरुंदकर आणि अनंत भालेराव यांनी या लढ्याविषयी विस्ताराने लिहिले.