सामायिक लहरी आणि चोरटा श्रोता

गोंगाट हा संदेशाचा शत्रू, असा अभियंत्यांचा दृढ समज असताना, बेल प्रयोगशाळेतील ॲरन वायनर यांनी १९७५ साली गणिताने दाखवून दिले की, चोरट्या श्रोत्याच्या कानी पडणारा संकेत खऱ्या श्रोत्याच्या संकेताहून अधिक गढूळ असेल, तर गुप्त किल्लीवाचूनही संदेश सुरक्षित पोहोचविता येतो. यावरूनच पुढे अशी युक्ती निघाली की, प्रेषकाने अनेक अँटेनांच्या साहाय्याने संदेशाबरोबर कृत्रिम गोंगाटही सोडावा, व तो अशा बेताने की इच्छित श्रोत्याच्या ठिकाणी त्याची बेरीज शून्य व्हावी आणि इतरत्र मात्र तो कायम राहावा.

अनेकांनी मिळून वापरायच्या सामायिक लहरीपट्ट्यात हे काम अधिक नाजूक होते. अमेरिकेने २०१५ मध्ये ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा नौदलाच्या रडारांसारखे मूळ हक्कदार, अग्रक्रमाचा परवाना घेणारे आणि सर्वसाधारण मुभेवर येणारे, अशा तीन श्रेणींना खुला केला. तेथे खालच्या श्रेणीने वरच्या श्रेणीस उपद्रव देण्यास सक्त मज्जाव असल्यामुळे, असा संरक्षक गोंगाट मूळ हक्कदाराच्या ग्राहकयंत्रापाशीही मर्यादेतच ठेवावा लागेल. आणि खरी मेख अशी की, मुकाट्याने ऐकणारा चोर स्वतः काहीच प्रक्षेपित करीत नसल्याने त्याचा ठावठिकाणा बहुधा लागत नाही, आणि त्याच्या कानी संकेत पुरेसा गढूळ पडतो की नाही याची खात्रीही देता येत नाही. म्हणून संकेतलेखनाची जुनी कुलुपे काढून टाकण्याचा सल्ला, निदान तूर्त तरी, कोणी शहाणा देणार नाही.