वड्याचे तेल वांग्यावर

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दिवसातून किती वेळा राग येतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ठेवला तर दिसेल की मोठ्या संकटांपेक्षा किरकोळ गोष्टींनीच आम्हाला जास्त पिडले आहे. मोबाइलवर ओटीपी येत नाही. आला तर चष्मा सापडेपर्यंत त्याची मुदत संपते. नळ गळतो म्हणून प्लंबरला फोन करावा, तर तो ‘अर्ध्या तासात येतो’ म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी फोनच उचलत नाही. एकीकडे मुलगा म्हणतो, ‘अम्मी, हे तुला कितीदा सांगायचे?’ आणि दुसरीकडे आम्ही वृद्ध अब्बांना तेच वाक्य थोड्या सौम्य शब्दांत ऐकवत असतो.

यांतली एकही गोष्ट मोठी नाही. पण ती दिवसभर साठत जाते. मोबाइलवर ओरडून उपयोग नसतो, प्लंबर समोर नसतो. समोर असते ते घरचे माणूस. मग चहा थंड झाला, टॉवेल जागेवर नाही, असे काहीतरी निमित्त होते आणि आवाज चढतो. मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे: वड्याचे तेल वांग्यावर काढणे. मध्यम वयातल्या कितीतरी घरांत भांडण म्हणून जे चालते, ते असे दुसऱ्याच्याच खात्यावरचे असते. म्हणून कोणता राग कोणाच्या खात्यावर मांडायचा, याचा जरा शांतपणे विचार करू या.

मोबाइलचे खाते

‘चाळिशी’ हा शब्द आपल्याकडे वयासाठीही वापरतात आणि चष्म्यासाठीही. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले भिंग लवचीकपणा गमावू लागते आणि जवळची अक्षरे धूसर दिसतात. हे थोड्याफार फरकाने सगळ्यांचेच होते. बोटांचीही तीच गत. वर्षानुवर्षे धुणी-भांडी, शेतकाम किंवा सिमेंटचे काम केलेल्या हातांचे ठसे झिजतात आणि रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागत नाही. ‘हात पुसा, पुन्हा ठेवा’ असे रांगेसमोर ऐकताना बाईमाणूस ओशाळते. खरे तर यंत्राला ठसा वाचता आला नाही, यात तिचा काय दोष? पेन्शनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ सेवा सुरू झाली. तिच्यात २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली, ती ठशांची ही अडचण जाणूनच. त्यामुळे थकलेल्या अब्बांना बँकेच्या पायऱ्या चढायला लावण्याआधी घरच्या मोबाइलवर दाखला होतो का, ते पाहावे.

यूपीआय आले ते २०१६ मध्ये, म्हणजे आम्ही चाळिशी ओलांडत होतो तेव्हा. आमच्या मुलांना ते वाढत्या वयातच मिळाले. आम्हाला पासबुक आणि स्लिपची सवय मोडून ते शिकावे लागले. आता तर हजचा अर्जही ऑनलाइन भरायचा असतो आणि २०२४ पासून यात्रेकरूंसाठी हज सुविधा अ‍ॅप आहे. तेव्हा ‘आम्हाला यातले कळत नाही’ म्हणून बाजूला बसण्याची सोय राहिलेली नाही.

शिकण्याची मात्र एक रीत असते. मुलगा आपल्या हातातून मोबाइल घेतो, भराभर चार ठिकाणी बोट लावतो आणि परत देतो. काम होते, पण शिकणे होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच हाक मारावी लागते. त्यापेक्षा मोबाइल आपल्या हातात ठेवावा. बोट आपले, सांगणे त्याचे. पायऱ्या एका वहीत आपल्या शब्दांत लिहून घ्याव्यात. फक्त पिन आणि पासवर्ड त्या वहीत नकोत. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरे मोठी करून घेतली तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

पैशाच्या बाबतीत तीन गोष्टी पाठ असाव्यात. पहिली, खात्यात पैसे जमा होण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. दुसरी, फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीसाठी कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नये, तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा यंत्रावरच्या पट्टीवरून घ्यावा. तिसरी, ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही.

तरीही फसवणूक झालीच, तर त्याच मिनिटाला १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात ३ कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास तोटा ग्राहकावर येत नाही. पिन स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. म्हणजे दोन्ही बाबतींत वेळ मोलाची. आणि नेमकी हीच वेळ घराघरांत वाया जाते. साधा प्रश्न विचारला तरी ‘कितीदा सांगायचे’ असे ऐकावे लागणारी आई, खात्यातून वीस हजार गेल्यावर मुलाला लगेच सांगेल का? ती दोन दिवस गप्प राहील, नमाजनंतर मुसल्यावर बसून रडेल आणि तोपर्यंत पैसे चार खाती फिरून निघून गेलेले असतील. घरातले तुसडे बोलणे असे रोख रकमेत मोजावे लागते.

मिस्त्रीचे खाते

‘उद्या येतो’ हे वाक्य आपण वचन म्हणून ऐकतो. बोलणाऱ्याच्या मनात ते वचन नसते. हाताखाली दोन-तीन माणसे असलेला गवंडी किंवा रंगारी एकाच वेळी तीन-चार ठिकाणी काम धरतो, कारण हातातले संपल्यावर दुसरे लगेच मिळेल याची त्याला खात्री नसते. एका घरची उचल दुसऱ्या घरच्या मालात जाते. एक मजूर गावी गेला की सगळ्याच घरांची कामे अडतात. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीची गळती आणि सणाआधी भिंतींचा रंग, यांची आठवण सगळ्या गावाला एकदमच होते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्याबरोबर रंगाऱ्यांची गर्दीही सरकते. ईदच्या पंधरा दिवस आधी धावपळ करण्यापेक्षा शाबान लागण्याआधीच काम उरकलेले बरे. रोजा धरून शिडीवर चढणारा रंगारी दुपारनंतर थकतो, हेही आपण लक्षात घ्यायला हवे.

हे समजले म्हणून गैरसोय कमी होत नाही. पण हा माणूस आपल्याला कमी लेखतो म्हणूनच आला नाही, हा सल निघून जातो. उरलेला राग मग आवाजात काढण्यापेक्षा कागदावर उतरवता येतो.

मिस्त्रीशी होणारी भांडणे बहुधा तोंडी बोलण्यातून निघतात. सांगितलेला दर नुसत्या मजुरीचा की मालासकट? वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा, तर प्लास्टरचा १०० चौरस फुटांचा. रंगाच्या मापात दारे-खिडक्या वजा करायच्या की धरायच्या? पुट्टीचे हात किती, रंगाचे किती, राडारोडा कोण उचलणार? हे सगळे काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘बरोबर आहे’ असे उत्तर घेतले तरी चालते. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा टप्पा काम तपासल्यावर. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. तेव्हा ‘ओळखीचा माणूस, लिहायचे कसे’ हा संकोच आपल्याला तरी नसावा. लिहिल्याने ओळख टिकते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. काम नीट झाले की ठरलेली मजुरी त्याच दिवशी हातावर ठेवावी. शेवटच्या पाचशे रुपयांसाठी चार खेटे घालायला लावणाऱ्या घरी मिस्त्री पुन्हा का यावा?

यंत्रांच्या दुरुस्तीत ‘बोर्ड गेला’ हे परवलीचे वाक्य आहे. ते ऐकले की खर्चाचा आकडा आधी विचारावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि बिल घ्यावे. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. तेवढ्याने भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगात जाता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. तक्रार मात्र २ वर्षांच्या आत करावी लागते. बिलाशिवाय सेवा घेतली तर यातले काहीच सिद्ध करणे कठीण.

घरचे खाते

आता उरते घर. इथे हेल्पलाइन नाही आणि लेखी करारही नाही.

पंचेचाळीस ते पन्नाशीच्या आसपास बहुतेक स्त्रियांची पाळी थांबते. त्याआधीची काही वर्षे अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटून झोपमोड होते, मन उगाच भरून येते. पुष्कळ घरांत नवऱ्याला याचा पत्ताच नसतो. ‘हल्ली तू फार चिडतेस’ एवढेच त्याला दिसते. याच वयात त्याच्याही डोक्यावर घराचा हप्ता, मुलीचे लग्न, वाढलेला रक्तदाब आणि नोकरीत पुढे गेलेली तरुण मुले असतात. तो ते बोलत नाही. वर्तमानपत्रात तोंड घालून बसतो. दोघेही थकलेले आणि दोघांनाही वाटते, समोरच्याला आपली किंमत नाही. त्रास फार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. हा सहन करत बसण्याचा विषय नाही. पण त्याआधी दोघांनी एकमेकांना आपले दुखणे सांगायला हवे.

यासाठी एक वाक्य आम्हाला फार कामाचे वाटते: ‘अहो, आज मिस्त्री आला नाही म्हणून माझे डोके तापले आहे; तुमच्यावर राग नाही.’ ऐकायला साधे, पण हे वाक्य आधी बोलले गेले की चहाच्या कपावरून भांडण पेटत नाही. रागाला त्याचे खरे नाव मिळते आणि घरचे माणूस आरोपी न राहता सोबती होते.

मुलांशीही ठरवून घेता येते. ती कामावरून दमून येतात; दारात पाऊल टाकताच त्यांच्यापुढे मोबाइल धरला तर तीही तडकणारच. मगरिबनंतरचा किंवा रविवारचा अर्धा तास ‘मोबाइलच्या शंकांचा’ म्हणून ठेवावा आणि दिवसभरातल्या अडचणी वहीत टिपून तेव्हाच विचाराव्यात. फसवणुकीची शंका आली तर मात्र वेळ पाहायची नाही, आणि त्या वेळी कोणी रागावणार नाही, हे मुलांनी आधीच कबूल करावे. नातवंडे, भाचरे शेजारी असतील तर त्यांच्याकडून शिकायलाही हरकत नाही. लहान मुले बऱ्याचदा मोठ्यांपेक्षा सावकाश समजावतात.

राहिले आपले आई-वडील. मुलांपुढे आम्ही जसे गोंधळतो, तसे ते आमच्यापुढे गोंधळतात. टीव्हीचा रिमोट, औषधाची वेळ, ‘फोन कोणाचा होता’, हे प्रश्न दिवसातून तीनदा येतात. तिसऱ्या वेळीही पहिल्या वेळेसारखेच उत्तर देणे सोपे नाही. पण मुलांकडून आम्हाला याहून वेगळे काय हवे असते?

हे सगळे एका दिवसात जमणार नाही. या आठवड्यात निदान तीन गोष्टी करू या. एक वही आणून मोबाइलच्या पायऱ्या लिहायला घेऊ या. अडलेल्या कामाचा दर, माप आणि मुदत मिस्त्रीकडून लेखी घेऊ या. आणि आज रात्री जेवण झाल्यावर जोडीदाराला एवढेच विचारू या की, दिवसभरात त्रास कशाचा झाला? उत्तर मध्ये न तोडता ऐकून घ्यावे.