लापिड ‘डावे’ कोणासाठी?

यायर लापिड म्हणजे इस्रायलमधले डावे नेते, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. हा शिक्का मुळात नेतान्याहूंच्या लिकुड पक्षानं मारलेला आहे. नेतान्याहूंच्या विरोधात जो उभा राहील तो ‘डावा’ आणि लापिड तर ‘दुबळे डावे’, हा त्या पक्षाचा अनेक निवडणुकांतला प्रचार. परदेशी वाचकानं प्रचारातला शब्द वर्णन म्हणून उचलला, की पुढचं सगळंच चुकत जातं.

लापिड यांनी 2012 साली राजकारणात आल्यावर परराष्ट्र आणि सुरक्षा धोरणावरचं मोठं भाषण केलं ते एरियलमध्ये, म्हणजे व्याप्त वेस्ट बँकेतल्या ज्यू वसाहतीत. जेरुसलेमच्या विभाजनाला त्यांचा विरोध आहे. 2013 ते 2014 या काळात ते नेतान्याहूंच्याच सरकारात अर्थमंत्री होते. पंतप्रधान म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्यांनी दोन राष्ट्रांच्या तोडग्याचं समर्थन केलं, हे खरं. पण फेब्रुवारी 2024 मध्ये पॅलेस्टाईनला एकतर्फी मान्यता देण्याविरुद्धचा सरकारी ठराव क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, 99 मतांनी मंजूर झाला, तेव्हा त्यात त्यांच्या येश अतिद पक्षाचीही मतं होती. जुलैत पॅलेस्टिनी राष्ट्रालाच विरोध करणारा ठराव आला, तेव्हा मात्र त्यांचे खासदार सभागृहाबाहेर गेले.

म्हणजे लापिड यांना लावला जाणारा ‘मध्यममार्गी’ हा शब्द पॅलेस्टाईनच्या प्रश्नावरून ठरवायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. 2013 मध्ये लापिड यांना 19 जागा मिळाल्या त्या ‘पैसा कुठे आहे?’ या प्रश्नावर. घरभाडं, कर, महागाई आणि सैन्यात कोण जातं, कोण जात नाही, हे त्यांच्या मतदाराचे विषय होते. तेल अवीवच्या रस्त्यावर तंबू ठोकून बसलेल्या 2011 च्या आंदोलनाची धग तेव्हा ताजी होती.

हरेदी, म्हणजे अतिसनातनी ज्यू पक्षांचा लापिड यांच्यावरचा राग वेगळा आणि अधिक खोल आहे. त्यांच्या लेखी लापिड हे बापाचे बेटे. वडील टॉमी लापिड यांच्या शिनुई पक्षानं 2003 मध्ये उघड धर्मनिरपेक्ष प्रचारावर 15 जागा जिंकल्या होत्या. पण मुलगा वडिलांची हुबेहूब प्रत नाही. येश अतिदच्या पहिल्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते रब्बी शाय पिरोन, जे पुढे शिक्षणमंत्री झाले. त्याच यादीतून डोव्ह लिपमन हे हरेदी रब्बीही निवडून आले. तेव्हा ‘धर्मद्वेष्टा’ हा आरोप मला पटत नाही.

तरी हरेदींची तक्रार पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. 2013 मध्ये लापिड आणि उजवे नेते नफ्ताली बेनेट यांनी हातमिळवणी करून हरेदी पक्षांना सत्तेबाहेर ठेवलं. मग मुलांमागे मिळणारा सरकारी भत्ता कापला गेला. सात-आठ लेकरांच्या घरात ती कपात थेट चुलीपर्यंत पोहोचली. 2014 च्या कायद्यानं धार्मिक पाठशाळांतल्या तरुणांवर लष्करभरतीची सक्ती आणली, ती 2015 च्या निवडणुकीनंतर हरेदी पक्षांनी सत्तेत परतून सैल करून घेतली. पुढे जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच एकमतानं भरतीच्या बाजूनं निकाल दिला. भांडण देवाबद्दलचं नाही, बंदूक आणि तिजोरीबद्दलचं आहे.

अरब पक्षांना एका दावणीला बांधणंही चूकच. 2013 मध्ये लापिड यांनी हनीन झोबी या अरब खासदाराचं नाव घेऊन ‘अशांच्या’ जोरावर नेतान्याहूंना अडवणार नाही, असं बजावलं, ते अनेक अरब मतदार विसरले नाहीत. त्याच लापिड यांनी 2021 मध्ये मन्सूर अब्बास यांच्या राआम पक्षाला सोबत घेऊन सरकार जुळवलं. लिकुडनं त्याला विश्वासघात म्हटलं, पण त्याआधी नेतान्याहूंनीही अब्बास यांच्याकडे हात पुढे केला होता. तो बेत कट्टर उजवे नेते स्मोट्रिच यांच्या नकारामुळे फसला.

आणि डावे? ते लापिड यांना आपलं मानतात, हा तर सगळ्यात मोठा गैरसमज. नोव्हेंबर 2022 मध्ये येश अतिद 17 वरून 24 जागांवर गेला आणि मेरेट्झ हा खराखुरा डावा पक्ष 3.25 टक्क्यांच्या उंबरठ्याशी जेमतेम चार हजार मतांनी अडखळून क्नेसेटबाहेर पडला. शेजाऱ्याचं शेत खाऊन लापिड मोठे झाले, असं डाव्यांना वाटलं. मात्र मेरेट्झ आणि मजूर पक्षानं एकत्र लढावं म्हणून लापिड यांनीच आग्रह धरला होता. मजूर पक्षाच्या मेराव मिखाएली यांनी नकार दिला.

खुर्चीचा हव्यास हा आरोपही आकड्यांपुढे टिकत नाही. डिसेंबर 2019 मध्ये आघाडीतले सहकारी बेनी गँट्झ यांच्याशी ठरलेली पंतप्रधानपदाची आलटापालट त्यांनी आपणहून सोडली. 2021 मध्ये 17 जागा हाती असताना सात जागांच्या बेनेटना पहिली पाळी दिली. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आले 1 जुलै ते 29 डिसेंबर 2022 एवढेच महिने.

गँट्झ यांच्याशी मात्र जमलं नाही. 2020 मध्ये गँट्झ नेतान्याहूंसोबत गेले आणि लापिड यांनी साथ सोडली. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्धकाळात गँट्झ पुन्हा सरकारात गेले. बेन-ग्वीर आणि स्मोट्रिच हे कट्टर उजवे ज्या सरकारात आहेत तिथे बसणार नाही, म्हणून लापिड बाहेरच राहिले. जून 2024 मध्ये गँट्झही बाहेर पडले. दोघे पुन्हा विरोधी बाकांवर आले, पण आपापल्या पक्षातून.