टाकीतले ९६ तास

नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. या नद्यांवर ढिवर समाजाची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यामुळे एखादं औद्योगिक रसायन नाल्यात उतरलं तर माशांना ते किती बाधेल, हे आधीच कळायला हवं. पाण्याच्या प्रदूषणावर काम करणारी ‘नीरी’ ही संशोधन संस्था १९५८ पासून नागपुरात आहे. तरी या तपासणीची रीत प्रयोगशाळेबाहेर क्वचितच समजावून सांगितली जाते.

सुरुवात माशांपासून. बहुधा झेब्रा मासा घेतात. तो मूळचा आपल्याच उपखंडातला. आणलेले मासे आधी काही दिवस चाचणीच्याच पाण्यात रुळू द्यायचे. आठवडाभरात दहा टक्क्यांहून जास्त दगावले, तर ती सगळी खेप बाद. नळाचं पाणी वापरायचं तर त्यातलं क्लोरीन काढावंच लागतं, नाहीतर मासे क्लोरीननेच मरतील आणि दोष रसायनावर येईल.

मग निदान पाच टाक्यांत रसायन चढत्या प्रमाणात घालतात: लिटरला २, ४, ८, १६, ३२ मिलिग्रॅम, असं. प्रत्येकीत किमान सात मासे. शेजारी एक टाकी निव्वळ स्वच्छ पाण्याची. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची टाकी हीच. तिच्यात दहा टक्क्यांहून जास्त मासे मेले, तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. पाण्यातला प्राणवायू पूर्ण संपृक्ततेच्या ६० टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नाही. रसायनही पुन्हा पुन्हा मोजायचं, कारण काही रसायनं हवेत उडून जातात, काही काचेला चिकटतात.

२४, ४८, ७२ आणि ९६ तासांनी नोंद होते. कल्ले हलत नाहीत आणि शेपटीच्या बुडाशी हलकेच स्पर्श केला तरी हालचाल नाही, तेव्हाच मासा मेला असं धरतात. तोल जाणं, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणं, रंग बदलणं हेही लिहून ठेवायचं.

समजा, ८ मिलिग्रॅमच्या टाकीत एकही मासा मेला नाही आणि १६ च्या टाकीत सगळे मेले. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की साधारण ११.३ येतं. निम्मे मासे मारणारं हे प्रमाण म्हणजे एलसी-५०. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. १ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आला तर रसायन सर्वांत घातक वर्गात जातं.

या आकड्याला कुणी सुरक्षित मर्यादा समजू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. निम्मे मासे मेलेले असतात तिथे सुरक्षितता कसली? शिवाय टाकीतलं पाणी २१ ते २५ अंशांवर राखलेलं असतं, विदर्भातला मे महिना तसा नसतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. अमोनियासारखं रसायन गरम, अल्कधर्मी पाण्यात जास्त मारक होतं, आणि नेमका तेव्हाच नदीचा प्रवाह आटलेला असतो. आपल्या कायद्याची कसोटी निराळी आहे: पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत हवेत.

आकडा मिळवायला जिवंत मासे मारावे लागतात, हे खटकतंच. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेल्या पर्यायी पद्धतीत झेब्रा माशाची नुकती फळलेली अंडी वापरतात. अंडं गोठलं का, शरीराचे खंड तयार झाले का, शेपटी बलकापासून सुटली का आणि हृदय धडधडतंय का, एवढं सूक्ष्मदर्शकाखाली रोज पाहायचं.