जुनी विहीर कोणाची?

बीड शहराच्या दक्षिणेला, सोलापूरच्या वाटेवर, एक जुनी विहीर आहे. तिला खजाना विहीर म्हणतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीत, सलाबतखानाने ती बांधवून घेतली. तिची आखणी राजा भास्कर नावाच्या जाणकाराने केली, असे सांगतात.

वरून पाहिलं तर ती एक गोल विहीर. खरी करामत जमिनीच्या पोटात आहे. दोन भुयारी कालवे तिच्यात पाणी आणतात. तिसरा कालवा ते पाणी शेतांकडे नेतो. मोट नाही, बैल नाही, इंजिन नाही. उतार बघून कालवा काढला, आणि पाणी आपल्या पायांनी रानात गेलं. आपल्या दुष्काळी मुलखात हे केवढं मोठं काम!

आता विचार करा. उद्या विहिरीभोवती तारेचं कुंपण घातलं, पाटी लावली. पण दूरवर कुणी घराचा पाया खणताना कालवा फोडला. मग काय राहिलं? नुसता दगडी खड्डा. म्हणून आम्ही म्हणतो, जुनी वस्तू राखायची म्हणजे तिच्या आजूबाजूची जमीनही राखायची.

पण राखायची कुणी? लोक म्हणतात, "सरकार बघेल." सरकार बघतंही. 1960 साली महाराष्ट्राने जुन्या वास्तूंसाठी कायदा केला. धारूरचा किल्ला, अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी ही राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे परवानगीशिवाय तोडफोड केली तर तो गुन्हा आहे. पण खात्याची माणसं थोडी, आणि गावं फार. तुमच्या गावची बारव, पडकी गढी, वेशीजवळचे वीरगळ, तळं, गायरान यांच्यावर अनेकदा कसलीच पाटी नसते. तिथे पहिला राखणदार म्हणजे तुमची ग्रामपंचायत.

पंचायतीच्या हाती काय आहे? 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात 53 वे कलम आहे. सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर कुणी अतिक्रमण केलं, तर पंचायत ते काढू शकते. पंचायत गप्प बसली तर गावकऱ्याने जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. जिल्हाधिकारी ते काढवू शकतात.

पंजाबात पतियाळा जिल्ह्यात असंच झालं. गावच्या तळ्याच्या जागेवर काही लोकांनी भर टाकली आणि घरं बांधली. तिथले जिल्हाधिकारी म्हणाले, जागेचे पैसे घ्या आणि राहू द्या. प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2011 साली न्यायालयाने सांगितलं, तळं गावाचं आहे, पैसे भरून ते कुणाचं होत नाही. जागा मोकळी करून गावाला द्या. सगळ्या राज्यांनी गावच्या अशा जमिनी सोडवाव्यात, असंही बजावलं. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही तसा आदेश काढला.

कोणी म्हणेल, "मग आम्हांला रस्ता नको? दुकानं नकोत?" हवीत की! रस्ता नसला तर बाळंतिणीला दवाखान्यात कसं न्यायचं? पण रस्ता चार हात बाजूने नेता येतो. चारशे वर्षांची बारव बाजूला सरकवता येत नाही. म्हणून रस्त्याची आखणी होण्याआधीच पंचायतीने बोलावं. खडी पडल्यावर बोलून उपयोग नाही.

डोंगराचंही तसंच. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे. ते 1994 साली झालं. तिथे वनखातं आहे. पण तुमच्या गावामागची साधी टेकडी? तिचा मुरूम उपसत गेलं की पाऊस अडत नाही, धावून जातो. पुढं खालच्या विहिरी आटतात. मुरूम काढायला महसूल खात्याचा परवाना लागतो. रात्री ट्रॅक्टर चाललेले दिसले तर तहसीलदाराला लेखी कळवावं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कधी कधी गावकरीच प्रेमापोटी नुकसान करतात. जुन्या देवळाला ऑइलपेंट फासतात, कोरीव दगडावर सिमेंट थापतात. नक्षी बुजते, दगडातली ओल आत कोंडते. भक्ती चांगली, पण आधी पुरातत्त्व खात्याला पत्र घालून विचारा.

येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. सभेला जाण्याआधी चार वडीलधाऱ्यांना घेऊन गावाभोवती फिरा. कुठे बारव आहे, पाणी कुठून येतं, हद्द कुठवर आहे, हे कागदावर लिहा. आपल्याला आता लिहिता येतं. सभेत कागद वाचून दाखवा. त्या जागा मोकळ्या ठेवाव्यात, असा ठराव मांडा. तो सभेच्या वहीत लिहिला गेला की स्वतः वाचून पाहा, आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या.