शिकार गेली, सुरी राहिली
पेण-रोहा पट्ट्यातील घडीव सुरीचा धंदा : काल, आज आणि उद्या

मुंबई-गोवा रस्त्याने पेण सोडले, वडखळचा नाका मागे पडला की नागोठण्याच्या अलीकडे कासू लागते. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरही पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान कासू हे स्टेशन आहे. एका अंगाला भाताची खाचरे आणि खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर, असा हा मुलूख. येथे कोयता आणि विळा घराघरांत लागतो. सुरी मात्र तीन प्रकारच्या माणसांना लागत असे : खाटीक, कुर्बानी करणारा आणि शिकारी. यांपैकी शिकारी कायद्याने बाद झाला. उरलेल्या दोघांच्या गरजेवर आज आपल्या लोहार, शिकलगार आणि अवजार विकणाऱ्या दुकानदार बांधवांचा धंदा उभा आहे. तो नीट चालवायचा असेल तर ही सुरी कशी बनते, कशी ओळखावी आणि कायदा काय म्हणतो, हे तिन्ही माहीत असणे जरुरीचे आहे.

नवाबी शिकारखाना ते अभयारण्य

रोहा आणि मुरूड तालुक्यांत पसरलेले फणसाडचे जंगल हे जंजिरा संस्थानच्या सिद्दी नवाबांचे राखीव शिकारीचे रान होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले. पुढे १९८६ साली सुमारे ७० चौरस किलोमीटरच्या या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सांबर, भेकर आणि इवलेसे पिसोरी हे हरीणवर्गातले प्राणी या रानात आहेत.

त्या काळी शिकाऱ्याच्या कमरेला बंदुकीइतकेच महत्त्व सुरीला असे. मुसलमान शिकारी गोळी लागलेले जनावर जिवंत हाती लागले तर अल्लाहचे नाव घेऊन ते ज़बह करी. त्यानंतरचे काम घाईचे असे. कोकणातल्या उकाड्यात पोटातील आतडी तशीच राहिली तर मांस काही तासांत बिघडू लागते. म्हणून जनावर रानातच फाडून आतडी काढायची, अंग थंड होऊ द्यायचे आणि मगच गावाकडे निघायचे, असा रिवाज होता.

या कामाला मोठी सुरी कामाची नाही. पाते चार बोटे लांब, टोक थोडे खाली उतरलेले आणि पोट गोलसर असावे. पोटाची कातडी चिरताना धार वर ठेवायची आणि पात्याखाली दोन बोटे घालून टोक आतड्यापासून दूर राखायचे. कोथळा किंवा मूत्राशय फुटले की मांसाला घाण लागते. म्हणजे ताकदीपेक्षा हाताची नजाकत आणि पात्याची धार महत्त्वाची.

आज हे सारे येथे इतिहासजमा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची तरतूदच रद्द झाली. हरीण मारणे, त्याचे मांस बाळगणे, कातडे किंवा शिंग विकणे हा गुन्हा असून त्याला तुरुंगवासाची सजा आहे. कारागिरांनी एक गोष्ट खास ध्यानात ठेवावी. जुन्या शौकिनांकडून सांबरशिंगाच्या मुठीची मागणी अधूनमधून येते. दाम कितीही मिळो, त्या वाटेला जाऊ नये. एका मुठीपायी सारे दुकान बंद पडू शकते.

तीच सुरी, नवे काम

शिकार गेली म्हणून ती सुरी निकामी झाली नाही. भेकर हे जनावर साधारण बोकडाएवढेच असते. भेकराची कातडी उतरवायला जे पाते लागे, तेच बोकडाला चालते. फरक इतकाच की कुर्बानीच्या कामाला एक सुरी पुरत नाही, संच लागतो :

• ज़बहची सुरी : सरळ, लांब, विनादात्यांची आणि सर्वांत धारदार. तिला दुसरे कोणतेही काम देऊ नये.
• कातडी उतरवण्याची सुरी : आखूड, गोल पोटाची. हीच जुन्या शिकारी सुरीची बहीण.
• हाडावरून मांस सोडवण्याची सुरी : अरुंद पात्याची.
• सत्तूर : हाडे तोडण्यासाठी, जाड पाठीचा आणि वजनदार. तो चिंचेच्या ओंडक्यावरच चालवावा. फरशीवर चालवला तर एका दिवसात धार जाते.

धार हा आपल्याकडे केवळ सोयीचा प्रश्न नाही. ज़बह करण्यापूर्वी सुरी तेज करावी, जनावराला कमीत कमी तकलीफ द्यावी आणि त्याच्या नजरेसमोर सुरी पाजळू नये, अशी दीनची शिकवण आहे. बोथट सुरी विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाचे पैसे तर बुडवतोच, वर मुक्या जिवाला त्रास देण्याला हातभार लावतो. म्हणून या धंद्यात इमान आणि व्यवहार एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

पोलाद कोठले?

कासूपासून फार दूर नसलेल्या डोलवीला पोलादाचा प्रचंड कारखाना आहे. पण लोहाराचे पोलाद तेथून येत नाही. पत्र्याच्या सामान्य मालात कर्बाचे प्रमाण कमी असते. त्याला पाणी चढत नाही आणि धारही टिकत नाही. लोहाराची खाण म्हणजे हमरस्त्यावरची गॅरेजे. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात साधारण ०.५५ ते ०.६५ टक्के कर्ब असतो. सुरी आणि कोयत्याला हे पोलाद मानवते.

मात्र जुना पाटा घेताना सावध असावे. वर्षानुवर्षे लवून लवून त्यात केसासारख्या चिरा पडलेल्या असतात. त्या वरून दिसत नाहीत आणि पाणी देताना पाते तडकते. पाटा स्वच्छ घासून, रॉकेल लावून पुसावा. चीर असेल तर थोड्या वेळाने तेथे तेलाची रेघ उमटते. मध्यभागी बोल्टाचे भोक असते, त्याच्या आजूबाजूचा तुकडा सुरीला वापरू नये.

घण नव्हे, पाणी महत्त्वाचे

घडीव सुरी म्हणजे आपोआप उत्तम, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. घणाने पाते पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ काढता येते, पोलाद वाया जात नाही, हा घडाईचा फायदा. पण पाते कठीण होते ते पाणी दिल्यामुळे. पाणी बिघडले तर उत्तम घडाई फुकट.

त्याची रीत अशी. घडलेले पाते सारखे लाल तापवावे. चुंबक चिकटेनासे झाले की थोडे आणखी तापवून ते कोमट तेलात बुडवावे. पाण्यात बुडवले तर कमानीचे पोलाद बहुधा तडकते. ‘पाणी देणे’ हा शब्द जुना असला तरी या पोलादाला तेलच योग्य. तेलातून निघालेले पाते काचेसारखे कठीण पण ठिसूळ असते. म्हणून ते घासून उजळ करावे आणि पुन्हा मंद तापवावे. अंगावर सुक्या गवतासारखा पिवळा रंग आला की थांबावे. ही उष्णता सुमारे २०० ते २३० अंश असते. सत्तुराला धक्का सोसावा लागतो, म्हणून त्याचा रंग तपकिरीकडे झुकू द्यावा.

पुष्कळ चांगल्या सुऱ्या शेवटच्या टप्प्यावर बिघडतात. विजेच्या ग्राइंडरवर घाईने धार काढताना कड निळी पडली की तेथले पाणी उतरले असे समजावे. पाते वरचेवर पाण्यात बुडवत, हलक्या हाताने धार काढावी. पिढ्यान्‌पिढ्या सहाणेवर बसणाऱ्या शिकलगाराचा हात येथेच उपयोगी पडतो. सोलण्याच्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ अंशांच्या आसपास, तर सत्तुराला २० ते २५ अंश धार ठेवावी.

गिऱ्हाइकाने सुरी कशी पारखावी?

१) पाते डोळ्यासमोर धरून टोकापर्यंत पाहावे. कड सरळ हवी, वाक नको.
२) कडेवर कानस हलकेच फिरवावी. घसरली तर पाते कठीण, चावली तर मऊ.
३) पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेले असावे. अर्ध्यावर संपलेले पाते जोर लागताच मुठीतून निखळते.
४) मूठ आणि पाते यांच्यामध्ये फट नको. फटीत रक्त साचते, कुजते आणि आतून गंज धरतो.
५) मूठ सागवान किंवा शिसवाची, पितळी रिव्हेटची आणि ओल्या हातातून न निसटणारी असावी.

वापरानंतर सुरी धुऊन लगेच कोरडी करावी. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत एका रात्रीत गंज चढतो. खोबरेल तेलाचा हात फिरवून सुक्या कापडात ठेवावी. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये, चामडे ओल धरते.

कारखान्याच्या सुरीशी सामना

बाजारात स्टेनलेस स्टीलच्या स्वस्त सुऱ्या मुबलक आहेत. हॉटेले आणि मोठे कत्तलखाने प्लॅस्टिक मुठीच्या सुऱ्या पसंत करतात, कारण त्या गरम पाण्यात धुता येतात आणि गंजत नाहीत. त्या गिऱ्हाइकाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. घडीव सुरीचे खरे गिऱ्हाईक म्हणजे गावोगावचा खाटीक आणि कुर्बानी करणारे घर. त्यांना दगडावर चटकन लागणारी धार हवी असते, मोडलेली मूठ बदलून देणारा माणूस जवळ हवा असतो. ही सेवा कारखाना देत नाही. म्हणून ‘वर्षभर धार मोफत’ असे सांगणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे बहुतेक घरांत आता बोकड-मेंढीच्या कुर्बानीवर भर आहे. दुकानात माल भरताना मोठ्या सुऱ्यांचा साठा त्या बेताने ठेवावा.

हंगाम आणि हिशेब

बकरी ईद दर वर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येते. २०२५ साली ती ७ जूनला, म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर आली. येत्या काही वर्षांत ती मे आणि मग एप्रिलकडे सरकणार आहे. कोकणात मे महिन्यात शेतकरी कोयते, विळे आणि नांगराचे फाळ घेऊन लोहाराच्या दारात असतो. दोन्ही गर्दी एकाच वेळी आल्या की काम घाईचे होते आणि पाणी बिघडते. रमजान ईदपासून बकरी ईदपर्यंत सुमारे ७० दिवस मिळतात. सुऱ्यांचे काम तेव्हाच सुरू करावे, शेवटचे दोन आठवडे फक्त धार लावण्यासाठी राखून ठेवावेत.

आपल्या कारागिरांचा हिशेब बहुधा तुटीमुळे चुकतो. समजा, या मुदतीत २०० सुऱ्या घडवल्या आणि कोळसा, पाटा, मूठ, मजुरी धरून प्रत्येकी १०० रुपये खर्च आला. एकूण खर्च २०,००० रुपये. त्यातल्या २० तडकल्या किंवा वाकल्या तर विकायला उरल्या १८०. म्हणजे विकाऊ सुरीचा खरा खर्च १११ रुपये झाला. ज्याने १०० धरून भाव ठरवला, त्याने आपला नफा स्वतःच भट्टीत टाकला. आणि जी सुरी तडकली ती विकू नये. चीर झाकून विकलेल्या मालाचा पैसा हलाल नाही.

कायद्याची बाजू

शस्त्र कायदा १९५९ खालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रे येतात. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. तरीही दुधारी पाते, खंजिराचा आकार, बटणाचा चाकू असली कामे घेऊ नयेत. सणासुदीला पोलिसांचा मनाई आदेश असतो, त्यात सुरी जवळ बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. तेव्हा माल नेताना तो कागदात गुंडाळून, पेटीत बंद करून, पक्क्या बिलासह न्यावा. गिऱ्हाइकालाही बिल द्यावे. दोन ओळींचे बिल पुढचा मोठा मनस्ताप वाचवते.

मदत कोठे मिळेल?

केंद्र सरकारची पी. एम. विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत लोहार आणि हातोडा-अवजारे बनवणारे यांचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत अशी तिची रचना आहे. पुढे १ लाख आणि नंतर २ लाख रुपयांचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते. एका कुटुंबातून एकालाच लाभ घेता येतो आणि नोंदणी सामाईक सेवा केंद्रात आधार कार्डावर होते. व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा. पण प्रशिक्षण आणि अवजारांची मदत यांना कर्ज घेण्याची सक्ती नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

रामपूरचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. उत्तर प्रदेशातील त्या शहराच्या चाकूचे नाव सिनेमाने देशभर नेले, पण ते गुंडाचे हत्यार म्हणून. बंधने आली आणि कारागिरांचा धंदा ओसरला. उलट मेरठच्या कैचीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, कारण तिची ओळख शिंप्याचे अवजार म्हणून आहे. आपल्या सुरीची ओळख कोणती असावी, हे आपणच ठरवायचे आहे. ती खाटकाच्या ओंडक्यावरची, कुर्बानीच्या दिवसाची आणि स्वयंपाकघरातली राहिली, तर पेण-रोहा पट्ट्यातील भट्ट्यांना, इन्शाअल्लाह, काम कमी पडणार नाही. येत्या ईदचे दिवस मोजा, पाटे आतापासूनच पारखून घ्या आणि घरातल्या एका तरी मुलाला पाणी द्यायला शिकवा.